दमाने घ्या!

जुलैच्या सुरुवातीचा रविवार, सकाळचे सव्वासहा. न्युर्नबर्गच्या दक्षिणेला, हिल्पोल्टश्टाइन गावाजवळ माइन-डॅन्यूब कालव्यावरच्या पुलावर पाय ठेवायला जागा नाही. एरवी या कालव्यातून मालवाहू जहाजे ये-जा करतात, आज त्यांना सुट्टी. पाण्यात रंगीत टोप्या घातलेली डोकी तरंगत आहेत. साडेसहाला तोफ वाजते आणि पाणी उकळायला लागल्यासारखे दिसते. ३.८ किलोमीटर पोहायचे, बाहेर येऊन १८० किलोमीटर सायकल चालवायची आणि त्यानंतर ४२.१९५ किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन धावायची. एकूण २२६ किलोमीटर, आणि त्यासाठी मुदत १५ तासांची. हा रोटचा ट्रायथलॉन. (आपण मारुतीला नैवेद्य दाखवतो तो रोट वेगळा, पण या प्रकाराला बजरंगबलीचा आशीर्वाद लागतोच म्हणा!)

मी काही मोठा खेळाडू नाही. १९९१ साली नोकरीसाठी इकडे आलो. चाळिशीत पोट सुटले म्हणून गावच्या क्लबात पोहायला जाऊ लागलो, पुढे ट्रायथलॉनच्या नादाला लागलो, आणि गेली बरीच वर्षे तिथल्या नवशिक्या हौशी मंडळींना शिकवण्याच्या कामात मदत करतो. मंडळाच्या गणपतीत भेटणारे लोक विचारतात, "काका, तुम्ही यांना शिकवता तरी काय? पळायला का कुणी शिकवावं लागतं?" प्रश्न बरोबर आहे. माझ्या तोंडी सर्वांत जास्त वेळा येणारा शब्द जर्मनमध्ये 'लांगझाम' आणि मराठीत 'दमाने घ्या' हा आहे.

'दम' हा आपला शब्द मोठा गमतीचा. दम लागतो, दम निघतो, दम भरला जातो आणि दम धरलाही जातो. लांब पल्ल्याच्या शर्यतीत दम लागू नये म्हणून दम धरावा लागतो. एवढी साधी गोष्ट, पण ती शास्त्राला पटायला आणि सामान्य माणसापर्यंत पोहोचायला जर्मनीत जवळजवळ अर्धे शतक गेले. त्याचीच ही हकीगत.

स्टॉपवॉचचा जमाना

सुरुवात आपल्याच माणसापासून करू. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बेळगावकडचे फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि सुमारे दोन तास एक्कावन्न मिनिटांत एकोणिसावे आले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर अनवाणी धावणारी आपली माणसे सर दोराबजी टाटांनी पाहिली आणि त्यातून भारताचा तो पहिला संघ उभा राहिला. त्या काळी लांब धावण्याचे शास्त्र असे फारसे नव्हतेच. जगभरचे मॅरेथॉनपटू सरावातले बरेच अंतर चालूनच कापत. कुस्तीला तालीम होती, वस्ताद होता. धावणाऱ्याला त्याचे पाय आणि त्याचे नशीब.

जर्मनीत हे चित्र पुढच्या वीस वर्षांत बदलले. फ्रायबुर्गला वोल्डेमार गेर्शलर हे प्रशिक्षक आणि हेर्बर्ट राइंडेल हे हृदयरोगतज्ज्ञ, अशी एक जोडी जमली. त्यांनी धावपटूच्या नाडीवर बोट ठेवले आणि हातात स्टॉपवॉच घेतले. थोडे अंतर वेगाने धावायचे, नाडी मिनिटाला १८० च्या आसपास न्यायची, मग थांबून ती १२० वर येऊ द्यायची. दीड मिनिटात खाली आली तर पुढची फेरी, नाही आली तर आजचा सराव संपला. हीच 'इंटरव्हल' पद्धत. गेर्शलरांच्या हाताखालचा ड्रेस्डेनचा रुडॉल्फ हार्बिग १९३९ साली मिलानला ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत धावला. हा विक्रम १९५५ पर्यंत टिकला. हार्बिग स्वतः मात्र १९४४ साली युद्धात मारला गेला.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये लक्झेंबर्गच्या जोझी बार्तेलने १५०० मीटरचे सुवर्णपदक जिंकले, तोही गेर्शलरांचाच शिष्य. याच हेलसिंकीत कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कुस्तीत ब्राँझपदक मिळवत होते. एकामागे हृदयरोगतज्ज्ञ आणि प्रयोगशाळा, दुसऱ्यामागे तालमीची लाल माती आणि कोल्हापूरकरांनी गोळा केलेली वर्गणी!

या पद्धतीने विक्रम झाले यात शंका नाही. पण ती निवडक तरुण पुरुषांसाठी होती. कारखान्यातला कामगार, चाळिशीचा कारकून, दोन मुलांची आई यांना तिच्यात जागा नव्हती. 'एवढे धावणे झेपणारी माणसे वेगळीच असतात' हा समज उलट पक्का झाला.

वाल्डनीलचा डॉक्टर

हा समज मोडायला निघालेला माणूस हॉलंडच्या सीमेजवळच्या वाल्डनील या लहानशा गावात दवाखाना चालवत होता. डॉ. एर्न्स्ट फान आकेन, जन्म १९१०. त्यांचे म्हणणे फ्रायबुर्गच्या नेमके उलट. वेगाने धावून हृदयाला झटके कशाला देता? नाडी १३० च्या आसपास ठेवा, सोबत्याशी गप्पा मारता येतील अशा वेगाने धावा, लागले तर मधे चाला, पण रोज धावा आणि लांब धावा. वेगाचा सराव थोडा, अगदी चिमूटभर, मीठ घालावे तसा. प्रशिक्षकांच्या जगात त्यांना बरेच टोमणे खावे लागले. पण त्यांच्या पद्धतीने तयार झालेल्या हाराल्ड नोर्पोटने १९६४ साली टोकियोत ५००० मीटरचे रौप्यपदक मिळवले, तेव्हा टोमणे थोडे कमी झाले.

डॉक्टरांची खरी लढाई मात्र दुसरीच होती. १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत प्रथमच झाली. ती जर्मनीच्या लीना राडकेने विश्वविक्रमासह जिंकली. पण शर्यतीनंतर काही जणी जमिनीवर कोसळल्या असे वर्तमानपत्रांनी रंगवून लिहिले आणि स्त्रियांचे शरीर यासाठी नाहीच, असे ठरवून ही शर्यत १९६० पर्यंत बंद ठेवली गेली. (शर्यत संपल्यावर पुरुषही जमिनीवर पडतात, पण त्याची बातमी होत नाही.) फान आकेन म्हणत, उलट आहे, लांब पल्ल्याला स्त्रीचे शरीर अधिक योग्य आहे. नुसते म्हणून ते थांबले नाहीत. १९६७ साली वाल्डनीलच्या मॅरेथॉनमध्ये आनी पेडे-एर्डकाम्प ही गावाकडची धावपटू ३ तास ७ मिनिटांत धावली. त्या वेळची ती स्त्रियांची जगातली सर्वोत्तम वेळ होती. १९७३ साली त्यांनी खास स्त्रियांची मॅरेथॉन वाल्डनीलला भरवली आणि १९७४ साली देशोदेशीच्या स्त्रियांना बोलावून आंतरराष्ट्रीय स्पर्धा घेतली.

मधल्या काळात, १९७२ साली, एका मोटारीच्या धडकेने डॉक्टरांचे दोन्ही पाय गेले. म्हणजे त्या दोन्ही स्पर्धा त्यांनी चाकाच्या खुर्चीत बसून घडवून आणल्या. आपले स्वतःचे धावणे कायमचे संपल्यावर दुसऱ्यांच्या धावण्यासाठी झटणारा हा माणूस मला या सगळ्या इतिहासातला खरा वस्ताद वाटतो. १९८४ च्या एप्रिलमध्ये ते वारले. त्यानंतर चारच महिन्यांनी लॉस एंजेलिसला ऑलिंपिकमधली स्त्रियांची पहिली मॅरेथॉन झाली. ती पाहायला डॉक्टर नव्हते.

रविवारची गर्दी

या काळात जर्मनीत आणखी एक गोष्ट चालू होती. युद्धानंतरच्या भरभराटीत लोकांच्या घरी मोटार आली, टीव्ही आला, जेवणात मांस वाढले आणि पोटेही वाढली. १९६३ च्या ऑक्टोबरात आउग्सबुर्गजवळच्या बोबिंगेन गावात पहिला 'फोल्क्सलाउफ', म्हणजे लोकांची दौड, भरली. निवड नाही, पात्रता नाही, जो येईल तो धावेल. दीड हजारांहून अधिक माणसे आली! १९७० साली जर्मन क्रीडा महासंघाने 'ट्रिम डिश' ही मोहीम काढली. अंगठा वर करून हसणारा तिचा 'ट्रिमी' नावाचा बाहुला घराघरांत पोहोचला. आपल्यापैकी अनेकांनी गावाजवळच्या जंगलात लाकडी ओंडके, लोखंडी दांड्या आणि सूचनांच्या पाट्या लावलेली वाट पाहिली असेल. ती त्याच मोहिमेची खूण. आम्ही पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती मुलांची खेळायची जागा आहे असे समजून तिथे डबे उघडून बसलो होतो!

तिकडे कोलोनच्या क्रीडा विद्यापीठात विल्डोर होलमान यांनी १९५८ साली रक्ताभिसरण आणि क्रीडावैद्यक यांची संस्था उभी केली. श्रम वाढले की रक्तात लॅक्टेट साचू लागते; ते कुठल्या वेगाला झपाट्याने वाढते हे कळले, तर किती जोराने धावले असता माणूस तासन्तास टिकेल हे सांगता येईल, असा तो विचार. कोलोनच्याच आलोइस माडर आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली लिटरमागे ४ मिलिमोल ही सोयीची खूण मांडली. नंतरच्या संशोधनाने ही खूण प्रत्येकाची वेगळी असते हे दाखवले. पण कानाच्या पाळीला सुई टोचून घेतलेल्या रक्ताच्या एका थेंबाने सांगितले तेच, जे फान आकेन नाडीवरून आणि गप्पांवरून सांगत होते. लांब जायचे असेल तर बहुतेक दिवस हळू जा.

त्र्याऐंशी जण

ट्रायथलॉन मात्र इथला नाही. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाई बेटांवर पंधरा जणांनी २२६ किलोमीटरची ती पहिली अचाट शर्यत सुरू केली आणि बारा जणांनी पूर्ण केली. पहिला आलेला गॉर्डन हॅलर याला पावणेबारा तासांहून थोडा अधिक वेळ लागला. हे वेड काही वर्षांत जर्मनीत पोहोचले. १९८४ साली, म्हणजे डॉ. फान आकेन गेले त्याच वर्षी, डेटलेफ क्युनेल यांनी रोटला पहिला ट्रायथलॉन भरवला. ८३ जण उतरले. १९८५ मध्ये जर्मन ट्रायथलॉन संघटना स्थापन झाली. १९८८ पासून रोटला पूर्ण अंतराची 'आयर्नमॅन युरोप' स्पर्धा होऊ लागली. १९९६ साली इथेच लोथार लेडरने हे अंतर जगात पहिल्यांदा आठ तासांच्या आत, ७ तास ५७ मिनिटांत, पूर्ण केले. २००२ साली आयर्नमॅनचे नाव फ्रँकफर्टला गेले आणि रोटची स्पर्धा 'चॅलेंज' या नावाने चालू राहिली. २०२४ साली डेन्मार्कच्या माग्नुस डिटलेव्हने इथे ७ तास २३ मिनिटे २४ सेकंदांचा विक्रम केला. आता साडेतीन हजारांच्या आसपास लोक एकट्याने पूर्ण अंतरासाठी उतरतात. पंचवीस हजार वस्तीचे गाव, आणि त्या दिवशी रस्त्याच्या कडेला दोन लाखांवर माणसे!

'दमाने घ्या' हा धडा मोठमोठ्यांनाही सुटलेला नाही. १९९५ साली हवाईत जर्मनीचा थोमास हेलरीगेल सायकल संपवून उतरला तेव्हा अमेरिकेचा मार्क ॲलन तेरा मिनिटांहून अधिक मागे होता. ॲलन तेव्हा सदतीस वर्षांचा. त्याने अनेक वर्षे नाडी मुद्दाम खाली ठेवून सराव केला होता. मॅरेथॉनमध्ये त्याने ते अंतर हळूहळू भरून काढले आणि जिंकला. हेलरीगेल पुढच्या वर्षीही दुसराच आला. १९९७ साली मात्र तो हवाई जिंकणारा पहिला जर्मन ठरला. दुसरे आणि तिसरे आलेले युर्गेन त्सेक आणि लेडर हेही जर्मनच.

'नाही' म्हणण्याचे काम

व्यावसायिक खेळाडूचे आयुष्य सरावाभोवती आखलेले असते. हौशी माणसाचे तसे नाही. आठवड्याला चाळीस तास नोकरी, मुलांची शाळा, आजारी आईला भारतात रोज एक फोन, आणि यातून उरलेले दहा-बारा तास. म्हणून आमच्या क्लबात नवीन माणूस आला की पहिल्यांदा त्याचे कॅलेंडर बघतात, पाय नंतर. क्लबाच्या प्रशिक्षकाला परवान्यासाठी १२० तासिकांचा अभ्यासक्रम करावा लागतो. त्यात शरीरशास्त्र, पोहण्याचे तंत्र, सरावाची आखणी सगळे असते. पण कामाचे खरे स्वरूप मैदानावरच कळते. हौशी माणूस आळशी नसतो. तो अति उत्साही असतो. त्याला पुढे ढकलावे लागत नाही, मागे ओढावे लागते.

चुका ठरलेल्या असतात. वेळ कमी म्हणून प्रत्येक सराव जोरात करायचा, ही पहिली. सायकलवर पाय ताजे वाटतात म्हणून दामटायची आणि मॅरेथॉनच्या पंचविसाव्या किलोमीटरला बसकण मारायची, ही दुसरी. (ही मी स्वतः केली आहे. उरलेले अंतर मी चालत संपवले आणि साठीच्या एका आजीबाईंनी मला मागे टाकताना मायेने पाठ थोपटली.) तिसरी चूक खाण्यापिण्याची. शरीरात साठवलेली साखर सुमारे दोन हजार कॅलरींची, आणि दिवसभराचा खर्च त्याच्या कितीतरी पट. म्हणून सायकलवर तासाला साठ ते नव्वद ग्रॅम कर्बोदके पोटात जायला हवीत, आणि ती पचवण्याचाही सराव महिनोन्महिने करावा लागतो. पाण्याचेही तसेच. कमी प्यायले तर धोका आणि नुसतेच पाणी भरमसाट प्यायले तर रक्तातले सोडियम उतरून त्याहून मोठा धोका. २०१५ च्या जुलैत फ्रँकफर्टच्या स्पर्धेच्या दिवशी प्रचंड उकाडा होता. त्या स्पर्धेनंतर एका ब्रिटिश स्पर्धकाचा असाच, मिठाच्या कमतरतेने मेंदूला सूज येऊन, मृत्यू झाला. त्या उन्हाळ्यानंतर आमच्या क्लबात मिठाच्या गोळ्यांना कुणी हसत नाही.

पण सर्वांत अवघड काम वेगळेच. काही वर्षांपूर्वी आपल्या मंडळातलाच एक बेचाळीस वर्षांचा गृहस्थ माझ्याकडे तयारी करत होता. वर्षभर पहाटे उठून पोहला. रोटचे प्रवेश काही मिनिटांत संपतात, ते मिळवले. पुण्याहून आईवडील खास बघायला आले. शर्यतीच्या पाच दिवस आधी त्याला ताप आला. शुक्रवारी रात्री फोन. "काका, ताप उतरलाय. कालपासून गोळीपण नाही. रविवारी उतरतो ना?"

मी म्हटले, "नाही."

विषाणूचा ताप उतरला तरी हृदयाच्या स्नायूला सूज असू शकते आणि अशा वेळी दिवसभराचे श्रम जिवावर बेतू शकतात, हे इथले डॉक्टर पुन्हा पुन्हा सांगतात. मी ते त्याला समजावले. त्याने ऐकले, फोन ठेवला आणि दोन महिने माझ्याशी बोलला नाही. खरे सांगतो, त्या रविवारी कालव्याच्या पुलावर उभा असताना आपण उगाच घाबरलो का, हा प्रश्न मला सकाळभर छळत होता. काही झाले असते तर मी बरोबर ठरलो असतो. काहीच झाले नसते तर त्याचे एक वर्ष मी फुकट घालवले असे सगळे म्हणाले असते. प्रशिक्षकाचा 'नाही' बरोबर होता हे कधीच सिद्ध होत नाही. गेर्शलरही नाडी १२० वर आली नाही की सराव थांबवायचे. पण त्यांच्या हातात निदान स्टॉपवॉच होते!

आपल्याकडे

२०१५ साली मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर झ्युरिकची आयर्नमॅन पूर्ण केली तेव्हा मराठी घरांमध्ये हा शब्द पहिल्यांदा सर्रास ऐकू आला. पुण्याचे कौस्तुभ राडकर, मूळचे जलतरणपटू, स्वतः अनेक आयर्नमॅन पूर्ण करून आज कितीतरी डॉक्टर, अभियंते, व्यावसायिक यांना तयार करतात. २०१९ च्या ऑक्टोबरात गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर निम्म्या अंतराची, ११३ किलोमीटरची, आयर्नमॅन स्पर्धा प्रथमच भरली. माझा पुण्याचा पुतण्याही आता पहाटे चारला सायकल काढतो आणि वहिनी मला फोन करून विचारतात, "भावजी, हे तुमच्याकडूनच लागलेलं खूळ ना?"

मी त्यांना सांगतो, वहिनी, वारी आठवा. आळंदीहून पंढरपूरला सत्तरीची माणसे अडीचशे किलोमीटर चालत जातात. रोजचा मुक्काम ठरलेला, विसावा ठरलेला, आणि पुढे पळणाऱ्याला आधी पोहोचल्याचे पुण्य जास्त मिळत नाही. लांबचा पल्ला सामान्य माणसाचा आहे हे आपल्याला ठाऊकच होते. जर्मनीने त्याला नाडी, रक्ताचा थेंब आणि क्लबाची शिस्त जोडली. आपल्या पोरांनी ही दुसरी बाजूही शिकून घ्यावी. महागड्या सायकलीच्या आधी एक चांगला वस्ताद शोधावा, जो वेळ आली की 'नाही' म्हणेल.

तो गृहस्थ? पुढच्या वर्षी त्याने पुन्हा प्रवेश घेतला. रोटला शेवटच्या स्पर्धकांसाठी रात्री सगळे स्टेडियम थांबते. पहिले आलेले खेळाडूही आंघोळ-जेवण उरकून टाळ्या वाजवायला परततात आणि शेवटी आतषबाजी होते. आमचा गडी मुदतीला वीस मिनिटे उरली असताना आत आला. घशातून आवाज निघत नव्हता. माझ्या खांद्यावर हात टेकून एवढेच म्हणाला, "काका, दमानं घेतलं."

पुढच्या जुलैत मंडळींनी जरूर या. सायकलवाले हिल्पोल्टश्टाइनजवळचा झोलारर बेर्ग चढतात तेव्हा गर्दी इतकी दाटते की वाट जेमतेम एका सायकलीपुरती उरते. तिथे अजून ढोल-ताशा कुणी वाजवलेला नाही!